समजुतीच्या कागदावर सही नाही

भोसरी, तळवडे, मोशी, चाकण, म्हाळुंगे, तळेगाव या पट्ट्यात राहणारे आणि राबणारे आम्ही लोक हा जाहीरनामा प्रसिद्ध करीत आहोत. या पट्ट्यातल्या रस्त्यावर जखमी झालेल्या किंवा मेलेल्या एकाही माणसाचा भरपाईचा दावा दाखल झाल्यावाचून राहू नये, एवढ्या एका मागणीसाठी ही चळवळ उभी राहत आहे.

नाशिक फाट्यापासून राजगुरुनगरपर्यंतचा पुणे–नाशिक महामार्ग आणि तळेगाव–चाकण–शिक्रापूर रस्ता, या दोन रस्त्यांवर इथला सगळा कारखानदारीचा डोलारा उभा आहे. शिफ्ट सुटते तेव्हा कंटेनर, ट्रेलर, कंपनीच्या बसगाड्या, सहा आसनी रिक्षा, हजारो दुचाक्या आणि डबा हातात धरून दुभाजक ओलांडणारी माणसे एकाच वेळी एकाच डांबरावर येतात. ऑक्टोबर 2025 मध्ये चाकणच्या लोकांनी या कोंडीविरुद्ध आकुर्डीच्या पीएमआरडीए कार्यालयावर मोर्चा नेला, तो रास्तच होता. रस्ता रुंद व्हावा, उन्नत मार्ग व्हावा, या मागण्यांना आमचा पाठिंबा आहे. पण रस्ता होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरातला कमावता माणूस जातो, त्यांच्या बाजूने आज कोणीच उभे नाही.

काय घडते, ते इथल्या प्रत्येक वस्तीला ठाऊक आहे. माणूस अतिदक्षता विभागात असतो किंवा शवविच्छेदन व्हायचे असते. गावाकडून, म्हणजे लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा नाहीतर थेट उत्तर प्रदेश-बिहारमधून नातेवाईक रात्रभर प्रवास करून आलेले असतात. त्यांना इथले पोलीस ठाणेही माहीत नसते. अशा वेळी गाडीमालकाचा किंवा ठेकेदाराचा माणूस येतो. तो चहा पाजतो, रुग्णवाहिकेचे पैसे देतो, अंत्यविधीचा खर्च उचलतो आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाचशेचा स्टॅम्प पेपर पुढे करतो. अपघातात गाडीवाल्याची चूक नव्हती, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यावर आधीच टाइप केलेला असतो. रकमेची जागा तेवढी रिकामी असते. ती दीड-दोन लाखांत भरली जाते आणि विधवेचा अंगठा उमटतो.

या कागदाची खरी किंमत किती, ती प्रत्येकाने एकदा मांडून पाहावी. 28 वर्षांचा एक कंत्राटी कामगार धरा. पगार महिना 18,000 रुपये, मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत भरपाईची रीत ठरवून दिली आहे. माणूस कायम नोकरीत नसला आणि चाळिशीच्या आतला असला, तरी भविष्यातल्या वाढीसाठी त्याच्या कमाईत 40 टक्के मिळवायचे. म्हणजे 25,200 झाले. चार जण अवलंबून असल्यामुळे त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करायचा. उरले 18,900. वर्षाचे 2,26,800. या वयाला गुणक 17. उत्तर येते 38,55,600 रुपये. पत्नी-मुलांच्या सहवासाची हानी, अंत्यविधी आणि मालमत्तेची हानी यांसाठीची रक्कम वेगळी, आणि दाव्याच्या काळातले व्याजही वेगळे. हे पैसे बहुतेक वेळा गाडीमालकाच्या खिशातूनही जात नाहीत. तृतीय पक्ष विमा प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे, तो याचसाठी. मालक आयुष्यभर हप्ता भरतो आणि ऐन वेळी कंपनीला बाजूला ठेवून दोन लाखांत मिटवतो, कारण त्याला गाडी लवकर सुटायला हवी असते आणि चालकावरचा गुन्हा सौम्य व्हायला हवा असतो.

आता याच हिशेबात पगाराचा पुरावा काढून टाका. हातात रोख मिळणारे वेतन, ना पावती ना बँकेतली नोंद. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने कमाई 12,000 धरली, तर तीच बेरीज 25,70,400 वर येते. म्हणजे ठेकेदाराने पगाराची चिठ्ठी दिली नाही, या एका कारणाने त्या घराचे जवळपास 13 लाख रुपये गेले. म्हणून वेतन बँकेत जमा होणे आणि दर महिन्याला वेतनचिठ्ठी मिळणे ही आमच्या दृष्टीने रस्ता सुरक्षेचीच मागणी आहे. ज्यांना चिठ्ठी मिळत नाही त्यांनी हजेरीकार्ड, गेटपास, पीएफचा यूएएन क्रमांक, पासबुकाचे पान यांचे फोटो काढून घरच्या माणसाच्या मोबाइलवर पाठवून ठेवावेत. आजच ठेवावेत.

11 ऑगस्ट 2025 रोजी, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या पापळवाडीच्या महिलांची पिकअप घाटात कोसळली. एकाच वस्तीतल्या अनेक घरांतल्या बायका गेल्या. सरकारने मदत जाहीर केली, ती करायलाच हवी होती. पण सरकारी मदत आणि कायद्याने मिळणारी भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिली घेतली म्हणून दुसरीवर पाणी सोडावे लागत नाही. ‘ती तर घरीच असायची, तिची कसली कमाई’ हे वाक्य आपल्याकडे सहज बोलले जाते. सर्वोच्च न्यायालयाने ते केव्हाच खोडून काढले आहे. 2001 पासूनच्या निकालांनी घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाची कमाई धरायला सांगितले आणि 2021 च्या कीर्ती प्रकरणात ते पुन्हा ठामपणे मांडले. शेतात राबणारी, गोठा बघणारी, नातवंडे सांभाळणारी बाई दाव्याच्या कागदावर बिनकमाईची लिहिली जाणार नाही, हे आम्ही पाहू.

या प्रकारच्या अपघातात एक कडू गोष्टही आहे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2002 चा निकाल आहे. काही प्रकरणांत कंपनीने आधी भरावे आणि मालकाकडून वसूल करावे, असे आदेश झाले आहेत, पण त्यावर विसंबता येत नाही. आपल्या पट्ट्यात ठेकेदार कामगारांना टेम्पोत उभे करून नेतात. म्हणजे जीव धोक्यात घालतातच आणि घरच्यांचा विम्याचा आधारही काढून घेतात. कामगारांची ने-आण फक्त प्रवासी वाहनातून व्हावी, आणि ही अट मूळ कंपनीने ठेकेदाराच्या करारात घालावी, ही आमची कारखान्यांकडे पहिली मागणी राहील.

मुदतीबद्दल सर्वांनी सावध असावे. 1994 पासून दाव्याला मुदत नव्हती. 1 एप्रिल 2022 पासून ती पुन्हा आली असून अपघातापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. सुतक, मुलांच्या शाळा, गावाकडची धावपळ यातच सहा महिने निघून जातात. ही मुदत रद्द व्हावी, असे आमचे म्हणणे आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असून केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर 2025 मध्ये झाला. अंतिम निकाल काय लागेल त्याच्या भरवशावर कोणी थांबू नये. दावा पुण्यातच लावावा लागतो हाही गैरसमज आहे. अपघात जिथे झाला तिथे, किंवा दावा करणारा जिथे राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तो लावता येतो. चाकणला गेलेल्या माणसाची विधवा लातूरच्या न्यायालयात दाद मागू शकते.

पोलिसांनी काय करायचे, हेही लिहून ठेवलेले आहे. 2022 च्या नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत. 2022 च्या डिसेंबरात गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे काटेकोर पाळायला सांगितले. धडक देऊन पळालेली गाडी महिनाभरात सापडली नाही, तर सरकारी योजनेतून भरपाई मिळते, हे पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना लेखी कळवावे, असा 2024 चा आदेश आहे. ही भरपाई मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार असून अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे करायचा असतो. रक्कम तुटपुंजी आहे. तरीही ती मागायला कोणी जात नाही, कारण कोणी सांगतच नाही. पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाने प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात ही माहिती मराठी आणि हिंदीत लावावी आणि किती अहवाल वेळेत गेले, याचा आकडा दर महिन्याला जाहीर करावा.

रस्त्याकडेला बिनदिव्याचा ट्रेलर उभा असतो आणि रात्रपाळीचा कामगार त्यावर आदळतो. ‘गाडी तर उभी होती, चूक याचीच’ असे म्हणून गुन्हा मेलेल्यावरच नोंदवला जातो. 1987 साली पुणे–बंगळूर महामार्गावर उलटून पडलेल्या पेट्रोल टँकरचा काही तासांनी स्फोट झाला, त्या प्रकरणात 1991 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की थांबलेले वाहनही कायद्याच्या अर्थाने वापरातच असते. त्यामुळे उभ्या ट्रेलरवरही दावा होतो. टेललॅम्प होता का, रिफ्लेक्टर होता का, त्रिकोणी फलक ठेवला होता का, हे पंचनाम्यात आले पाहिजे, आणि ते यावे म्हणून आमचे कार्यकर्ते जागेवर जाऊन फोटो काढतील. कारखान्याच्या गेटवरचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जपून ठेवण्याचे पत्र आम्ही त्याच दिवशी देऊ.

जखमींची स्थिती मेलेल्यांपेक्षा अवघड असते, कारण त्यांना जगायचे असते. पायात रॉड बसलेल्या प्रेस ऑपरेटरला दाखला 30 टक्के अपंगत्वाचा मिळतो, पण उभे राहता येत नसल्याने त्याचे काम पूर्ण सुटते. राज कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात 2010 साली ठरले आहे की शरीर किती टक्के गेले यापेक्षा कमाई किती गेली, ते पाहायचे. डॉक्टरची साक्ष त्यासाठीच लागते. कामावर येता-जाता झालेला अपघात हाही कामावरचाच अपघात ठरू शकतो. पहाटे तीनच्या ड्युटीवर निघालेल्या, धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या कुटुंबाला हे मान्य करून घ्यायला 2003 पासून जुलै 2025 पर्यंत झगडावे लागले. ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांनी तिथेही अपघाताची सूचना द्यावी.

वकिलाच्या खर्चाला घाबरून कोणी मागे हटू नये. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. भरपाईतला टक्का ठरवून वकीलपत्र घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, असे कोणी मागितले तर आम्हाला सांगा. निकाल लागूनही पैसे न्यायाधिकरणात पडून राहतात, वारसापर्यंत पोचत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेऊन दावेदाराच्या बँक खात्याचा तपशील सुरुवातीलाच घ्यायला सांगितले. दाव्याच्या पहिल्या पानाबरोबर पासबुकाची प्रत जोडायची ही सवय आम्ही लावू.

ही चळवळ कोणत्याही पक्षाची नाही. ती वर्गणीवर चालेल आणि अपघातग्रस्ताकडून एक रुपयाही घेणार नाही. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक चाळीत आणि कॉट बेसिसच्या खोल्यांच्या प्रत्येक इमारतीत आम्हाला दोन माणसे हवी आहेत: अपघात झाल्यावर दवाखान्यात जाऊन बसतील, एफआयआरची प्रत मागतील, एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद झाली का ते विचारतील आणि त्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी विधवेच्या शेजारी असतील. मराठी येत नसलेल्या कामगाराच्या कुटुंबासाठी त्यांची भाषा बोलणारा माणूस आम्ही शोधू. चालकांविरुद्ध आमचा राग नाही. चौदा-चौदा तास ट्रेलर हाकणारा तोही कामगारच आहे, आणि त्याच्या मृत्यूची भरपाईही आम्ही तितक्याच नेटाने मागू.

ज्यांनी आधीच अशा कागदावर सही केली आहे, त्यांनी तो फाडू नये, लपवूही नये. सही झाली म्हणून हक्क आपोआप संपत नाही. सहा महिने व्हायचे असतील तर तो कागद, एफआयआर आणि पंचनाम्याची प्रत घेऊन तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा कार्यालयात या आठवड्यातच जा. सोबत कोणी नसेल तर आम्हाला हाक द्या, आम्ही येऊ.