उसने आभाळ

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प तपासायला घरी आणले होते. मुलुंडच्या आमच्या घरात जेवणाचे टेबल हेच माझे लिहिण्याचे टेबल. त्यामुळे ताटे मांडायची वेळ झाली की विद्वत्तेला उठून खुर्चीवर जाऊन बसावे लागते. अशाच उचलाउचलीत एका प्रकल्पाच्या मुखपृष्ठाकडे माझे लक्ष गेले. विषय होता ‘मराठी कवितेतील पाऊस’. वर घाटातल्या पावसाचे एक देखणे रंगीत चित्र, आणि त्याखाली ‘मुखपृष्ठ’ असे लिहून पुढे त्या मुलीचेच नाव.

आतला मजकूर तिचाच होता. त्यातल्या चुका इतक्या तिच्या स्वतःच्या होत्या की शंकेला जागाच नव्हती. पण चित्राच्या उजव्या कोपऱ्यात काहीतरी पुसल्याचा डाग होता. चष्मा कपाळावर सरकवून जवळून पाहिले. ती कोणाची तरी सही होती, अर्धी पुसलेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावले.

“हे चित्र तू काढलंस?”

“नाही सर. नेटवरच होतं ते. कोणाचं असं नव्हतंच.”

वाङ्मयचौर्यावर माझे एक व्याख्यान तयार आहे. दर वर्षी ते देतो आणि दर वर्षी ते पाच मिनिटांनी वाढते. “रस्त्यात उभी असलेली सायकल कोणाचीच नसते का?” हे त्यातले पहिले वाक्य. ते म्हणून झाले आणि पुढचे काही केल्या ओठांवर येईना. कारण ‘कोणाचं असं नव्हतंच’ हे शब्द मी पूर्वी ऐकलेले होते. ऐकलेले कसले, उच्चारलेले होते! त्याचीच ही हकिगत. आजवर ती घरातही सांगितलेली नाही. आता छापूनच येत असल्यामुळे घरी सांगण्याचे धैर्य निराळे गोळा करायला नको.

साल २००३. मी कलिन्याच्या विद्यापीठात एम. ए. करीत होतो. सकाळी मुलुंडहून कुर्ला, तेथून बस, व्याख्याने, ग्रंथालय, आणि संध्याकाळी स्टेशनाजवळच्या एका सायबर कॅफेत तासभर मुक्काम. लाकडी फळ्यांचे खुराडे, वर गरगरणारा पंखा आणि समोर पेटीएवढा संगणक. तेथे मला वॉलपेपरचा नाद लागला.

संगणक सुरू केला की कामापूर्वी पडद्यावर जे चित्र दिसते, तो वॉलपेपर. मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे ह्याला मराठी शब्द शोधणे माझे कर्तव्य होते. ‘भित्तिचित्र’ म्हणावे तर अजिंठा आठवतो, आणि ‘भिंतीचा कागद’ म्हणावे तर ओल आलेली भिंत आठवते. तेव्हा वॉलपेपरच म्हणू या.

त्या काळी जिकडे पाहावे तिकडे एकच चित्र असे. हिरवीगार टेकडी आणि वर निळे आभाळ. बँकेत, रेल्वेच्या खिडकीत, दवाखान्यात, सगळीकडे ती टेकडी. आमच्या कॅफेचा मालक ती महाबळेश्वरची आहे असे छातीठोकपणे सांगत असे. प्रत्यक्षात ती कॅलिफोर्नियाच्या सोनोमा परगण्यातली. चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराने १९९६ च्या जानेवारीत, मोटारीने जाता जाता थांबून ती टिपली. तो प्रदेश द्राक्षांचा. त्या टेकडीवरचे वेल कीड लागल्यामुळे काढून टाकले होते, म्हणून तेथे गवत माजले होते आणि म्हणूनच ते चित्र साधले. पुढे २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एक्सपीबरोबर ते जगभर गेले. कोण्या शेतकऱ्याचे नुकसान झाले म्हणून कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांना गारवा मिळाला. जगाचा हिशेब कधीकधी असाही लागतो!

पण सगळ्यांनी एकच टेकडी किती दिवस पाहावी? चित्रे करून एकमेकांना देणाऱ्यांच्या मंडळ्या तेव्हा इंटरनेटवर जमल्या होत्या. डेव्हियंटआर्ट ही त्यातली मोठी, ऑगस्ट २००० मध्ये निघालेली. अशाच एका मंडळीत मीही शिरलो. तेथला व्यवहार मोठा उमदा होता. तुम्ही चित्र करायचे आणि सगळ्यांसाठी ठेवून द्यायचे. ज्याला आवडेल त्याने ते उचलून आपल्या पडद्यावर लावायचे. पैसा नाही, वर्गणी नाही. मोबदला म्हणजे चार शब्द, आणि किती जणांनी नेले तो आकडा.

शिस्त मात्र भजनी मंडळाइतकी कडक. पडदा बहुधा १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा. म्हणजे एकूण ७,८६,४३२ ठिपके, आणि त्यातला एकही वेडावाकडा जाऊन चालत नसे. डाव्या बाजूला संगणकाच्या चित्रखुणांची रांग असते, म्हणून ती बाजू शांत ठेवायची. चित्र फार भारी झाले तर उतरवून घ्यायला वेळ लागे. टेलिफोनच्या तारेवरून २०० किलोबाइटचे चित्र यायला पाऊण मिनिट सहज जाई. आणि फार दाबून हलके केले, तर आभाळाचे चौकोनी तुकडे पडत. मला वाटते, मर्यादेत राहून नेटके काम कसे करावे हे मी साहित्यशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा तेथे अधिक शिकलो.

आमच्या इमारतीच्या गच्चीवरून तेव्हा पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर अखंड दिसत. मित्राचा कॅमेरा मागून आणून मी त्यांचा फोटो काढला. डोंगर चांगला आला. पण मे महिना, आभाळ पांढरेफटक, धुरकट. चुन्याच्या भिंतीसारखे. मग मी मंडळीतल्याच कोणाच्या तरी एका चित्रातले आभाळ कापून घेतले. जांभळ्या-केशरी ढगांचे, खोल, विलक्षण आभाळ. दोन रात्री बसून ते माझ्या डोंगरावर असे काही बसवले की सांधा दिसू नये. खाली लिहिले, ‘मुलुंडची संध्याकाळ’, आणि पुढे माझे नाव.

आठ दिवसांत ते चारशे जणांनी नेले. माझ्या आयुष्यात चारशे माणसांनी माझे काही मागून नेल्याचा तो पहिला आणि अद्यापपर्यंतचा शेवटचा प्रसंग. माझ्या प्रबंधाच्या अजून सहा प्रती माळ्यावर आहेत. पण गंमत अशी की जो तो वाखाणत होता ते आभाळ. डोंगराविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

नवव्या दिवशी एक पत्र आले. फिनलंडमधल्या एका बाईंचे. मजकूर दोनच वाक्यांचा: ‘तुमचा डोंगर फार सुंदर आहे. आभाळ माझे आहे.’

माझ्या डोंगराला सुंदर म्हणणारे पहिले माणूस ते! आणि मी उत्तर काय दिले? ‘इंटरनेटवरच होते. कोणाचे असे लिहिलेले नव्हते.’ लिहिलेले होते. चित्राखाली त्यांचे नाव स्पष्ट होते; मीच ते वाचले नव्हते. किंवा खरे सांगायचे तर, वाचून विसरलो होतो.

त्यांचे दुसरे पत्र आले. त्या आभाळासाठी आपण एकाच तळ्याकाठी अकरा संध्याकाळी जाऊन बसलो होतो, असे त्यांनी लिहिले होते. रागाचा एक शब्द नव्हता. शेवटी विनंती एवढीच, की चित्र काढून टाकू नका, फक्त खाली माझे नाव लिहा.

मी नाव लिहिले नाही. चित्र काढून टाकले. नाव लिहावे तर ज्या चारशे जणांनी पाठ थोपटली त्यांना कळणार की आभाळ ह्याचे नव्हे. चोरीचा माल परत करण्यापेक्षा तो खाडीत फेकून देणे मला सोपे वाटले. पत्राला उत्तरही दिले नाही. त्या मंडळीकडे पुन्हा फिरकलो नाही. पुढे नेट झाली, नोकरी लागली, लग्न झाले, आणि वाङ्मयचौर्यावरचे व्याख्यान दर वर्षी वाढू लागले.

आता वयाने शहाणपण आले म्हणून विचार करतो, तेव्हा वाटते की चित्रे वाटून घेण्याची हौस आपल्याकडे काही संगणकाबरोबर आलेली नाही. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली आणि रंगीत छापील चित्रे साध्या घरांच्या भिंतींवर आली. १८९४ साली राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि मग फ्रित्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. दगडावर चित्र उतरवायचे, प्रत्येक रंगाला निराळा दगड, आणि एकावर एक ठसे असे जुळवायचे की रेघ हलू नये. त्या मेहनतीमुळे ज्यांना राजवाड्यातले तैलचित्र जन्मात दिसले नसते त्यांच्या देवघरात लक्ष्मी-सरस्वती आल्या. मग त्या काड्यापेट्यांवर, कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्यांवर, कॅलेंडरांवर पसरल्या. त्या प्रवासात चित्र उजळत गेले आणि चित्रकाराचे नाव मात्र गळत गेले. वाण्याच्या कॅलेंडरावर दुकानाचे नाव हातभर मोठे. चित्र काढणाऱ्याचे शोधूनही सापडायचे नाही.

ह्याला दोघांनी तरी धडा घालून दिला. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ कापून चौकटीत लावायची रीत घरोघरी होती. आमच्या आजीला अक्षरओळख बेताची, पण कोपऱ्यातली सही बघून “हे दलालांचं” एवढे ती बिनचूक सांगे. चित्र सगळ्यांचे होते, घरातल्या पोरासोरांचेही होते. पण ते कोणी काढले हे कोणी विसरत नसे. वाटून घेणे आणि हिरावून घेणे ह्यांतला फरक त्या कोपऱ्यातल्या बोटभर जागेत असतो.

आपल्या कायद्यालाही तो ठाऊक आहे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ५७ वे कलम म्हणते की कलावंताने आपले हक्क विकून टाकले, तरी कृती आपली असल्याचे सांगण्याचा त्याचा अधिकार शिल्लक राहतो. म्हणजे घर विकता येते, पण ते बांधल्याची गोष्ट विकली जात नाही.

तर त्या दिवशी स्टाफरूममध्ये व्याख्यान राहिले बाजूला आणि मी त्या मुलीला ही हकिगत सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग सर, तुम्ही त्या बाईंना उत्तर दिलंत?”

शिपाई चहा घेऊन आला म्हणून बरे. तेवढ्यात मी शब्द जुळवले.

“तू आधी ह्या चित्राचा धनी शोधून काढ. मग माझं बघू.”

मला वाटले होते, आठवडाभर सुटका झाली. पण हल्लीच्या मुलांच्या हातात फोन असतो. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय त्यात आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती हजर! कोल्हापूरकडचा एक तरुण निघाला. तिने त्याला लिहिले, क्षमा मागितली, परवानगी मागितली. त्याने परवानगी तर दिलीच, वर मूळ मोठ्या आकाराचे चित्रही पाठवून दिले. नव्या मुखपृष्ठावर खाली त्याचे नाव होते आणि कोपऱ्यातली सही शाबूत होती.

“आता तुमचं, सर,” असे ती म्हणाली नाही. नुसती उभी राहिली. ते पुरेसे होते.

त्या रात्री माळ्यावरची जुनी सीडी काढली. ‘मुलुंडची संध्याकाळ’ तिच्यावर होती. मंडळीतले माझे जुने खाते उघडेना. परवलीचा शब्द कधीच विसरलो होतो. नवे खाते काढले. त्या बाईंचे पान अजून होते, पण त्यावरचे शेवटचे चित्र बऱ्याच वर्षांपूर्वीचे. मी चित्र पुन्हा ठेवले, खाली दोन नावे लिहिली: डोंगर माझा, आभाळ त्यांचे. आणि त्यांना चार ओळी लिहिल्या, बावीस वर्षांच्या उशिराबद्दल. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. कदाचित येणारही नाही. ते त्यांचे देणे नव्हे. देणे माझे होते.

तेच चित्र आता माझ्या संगणकाच्या पडद्यावर आहे. गच्चीवरून तो डोंगर आता दोन टॉवरांच्या फटीतून तुकड्यातुकड्याने दिसतो, म्हणून पडद्यावरचाच बरा. परवा फराळाची यादी करता करता बायको मागे येऊन उभी राहिली.

“अगंबाई, काय छान आभाळ आहे हो!”

“ते माझं नाही,” मी म्हणालो. “माझा फक्त डोंगर.”

“हो का? डोंगर नीट बघितलाच नाही मी,” असे म्हणून तिने पुन्हा वाकून पाहिले.

वाचकहो, फराळाच्या ताटाशेजारी हा अंक ठेवण्यापूर्वी एक करा. मुखपृष्ठ पाहिलेच असेल. ते कोणाचे आहे तेवढे आत उघडून वाचा. घरात लहान मूल असेल तर त्यालाही वाचून दाखवा.