पोलिसांवर पहारा कोणाचा?

गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक माता आम्हांस भेटावयास आल्या. त्यांचा मुलगा इंग्लंडात स्विंडन ह्या गावी नोकरीस आहे. गोव्याकडील पुष्कळ कॅथलिक कुटुंबे तेथे जाऊन स्थायिक झाली आहेत, हे वाचकांस ठाऊक असेलच. मुलाने बोलता बोलता आईस सांगितले की, तेथे पोलिसांवर देखरेख करणारा अधिकारी लोक मते देऊन निवडतात. आपण मात्र मत द्यावयास गेलो नाही. “फादर, पोलिसांसाठी कोणी मत देते का हो? आणि नाही दिले, तर त्यात पाप ते कसले?” असा त्या माउलीचा प्रश्न होता. प्रश्न साधा खरा, परंतु दोन वाक्यांत उत्तर देण्याजोगा नव्हे; म्हणून आजचे हे सदर त्यालाच देत आहो.

इंग्लंड व वेल्स ह्या भागांत पोलीस दल एक नसून प्रांतोप्रांतीची निरनिराळी आहेत. पूर्वी शहरांतील दलांवर १८३५ च्या कायद्याने नेमलेल्या नगरपालिकेच्या समित्या देखरेख करीत. पुढे १९६४ च्या कायद्याने स्थानिक सभासद व दंडाधिकारी ह्यांची मंडळे आली. ही मंडळे काम करीत, पण त्यांत कोण बसतो हे सामान्य माणसास क्वचितच ठाऊक असे. तक्रार घेऊन जावे तर कोणाच्या दारी, हेच कळेना. म्हणून २०११ साली कायदा होऊन मंडळांच्या जागी लोकांनी निवडलेला एकच अधिकारी आला. त्यास तेथे पोलीस व गुन्हेविषयक आयुक्त म्हणतात. लंडन वगळून ४१ दलांसाठी पहिली निवडणूक १५ नोव्हेंबर २०१२ रोजी झाली.

आपल्याकडे पोलीस आयुक्त म्हटले की गणवेशातील अधिकारी डोळ्यांपुढे उभा राहतो. हा आयुक्त तसा नव्हे. त्याच्या अंगावर ना गणवेश, ना हाती दंडुका. दलाच्या मुख्याची नेमणूक करणे, प्रसंगी त्यास दूर करणे, वर्षाचा खर्च व त्यासाठी घरपट्टीबरोबर घ्यावयाचा कर ठरविणे, आणि कोणत्या गुन्ह्यांकडे अधिक लक्ष द्यावे ह्याची योजना आखणे, ही त्याची कामे. अमक्यास पकडा किंवा तमक्यास सोडा, असे सांगण्याचा अधिकार मात्र त्यास मुळीच नाही. ती बाब दलाच्या मुख्याच्या हाती राहते. बहुतेक उमेदवार राजकीय पक्षांचे असतात, म्हणून निवडून आल्यावर निःपक्षपातीपणाची शपथ घ्यावी लागते.

योजना कागदावर उत्तम होती. परंतु पहिल्याच निवडणुकीत शंभरांपैकी जेमतेम पंधरा मतदार आले, आणि वेल्समधील न्यूपोर्ट येथे तर एका मतदान केंद्रावर दिवसभरात एकही मत पडले नाही! हा केवळ लोकांचा आळस म्हणावा काय? नोव्हेंबरचे थंडीचे दिवस, पद नवे, आणि उमेदवारांची पत्रके सरकारी खर्चाने घरोघर धाडण्याची व्यवस्थाही केलेली नव्हती. ज्याचे नाव ऐकले नाही, काम कळले नाही, त्यास मत कोण देणार? पुढे २०१६, २०२१ व २०२४ साली मतदान वाढले, पण तेही मुख्यतः इतर निवडणुका त्याच दिवशी ठेवल्यामुळे.

ह्या पदाचा खरा कस लागला तो २०१४ साली. दक्षिण यॉर्कशायरातील रॉदरहॅम येथे १९९७ ते २०१३ ह्या काळात सुमारे १,४०० मुलांवर अत्याचार झाल्याचा अंदाज त्या वर्षी ऑगस्टमध्ये एका चौकशीने प्रसिद्ध केला. नगरपालिका व पोलीस ह्या दोघांनीही त्या लेकरांच्या हाकेकडे कानाडोळा केला होता. तेथील निवडलेले आयुक्त त्याच नगरपालिकेत २००५ ते २०१० ह्या काळात मुलांच्या सेवांचे काम पाहत होते. सर्व बाजूंनी राजीनाम्याची मागणी झाली. तरी काही आठवडे ते जागेवरून हलले नाहीत, आणि त्यांना दूर करण्याचा अधिकार कायद्याने कोणासच दिलेला नव्हता. त्यांच्यावर नजर ठेवणारे स्थानिक मंडळ होते. पण दोन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप ठेवला गेल्याखेरीज त्यास आयुक्तांना निलंबितही करता येत नसे. अखेर सप्टेंबरमध्ये त्यांनी पद सोडले. ऑक्टोबरात पोटनिवडणूक झाली. इतके भयंकर सत्य उघड झाल्यावर मतदारांची रीघ लागली असेल, असे आपणांस वाटेल. पण ह्या वेळीही शंभरात पंधरा मतदारसुद्धा पुरते आले नाहीत.

स्विंडन ज्या विल्टशायर प्रांतात आहे, तेथेही २०२१ साली एक नवल घडले. सर्वांत अधिक मते मिळविलेल्या उमेदवारास फार पूर्वी मद्य पिऊन गाडी चालविल्याबद्दल शिक्षा झाली होती, हे उघडकीस आले. ज्या गुन्ह्यास कैद होऊ शकते असा गुन्हा शाबीत झालेल्यास हे पद मिळत नाही. म्हणून ऑगस्टमध्ये निवडणूक पुन्हा घ्यावी लागली. कायद्याची अपेक्षा उंच होती, परंतु छाननी ढिली.

ह्या साऱ्याचा शेवट असा की, २०२८ च्या मे महिन्यात मुदत संपताच हे पद बंद करून त्याचे काम महापौरांकडे किंवा स्थानिक मंडळांकडे सोपवावे, असा निर्णय तेथील सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला.

आपण तरी त्यांस हसावे काय? आपल्याकडे १८६१ साली इंग्रजांनी केलेल्या कायद्यात पोलीस सरकारला उत्तर देई, रयतेला नव्हे. त्या दोषावर उपाय म्हणून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्याराज्यांत व जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. हे किती वाचकांनी ऐकले आहे? चौकीत कोणास मारहाण झाली म्हणजे आपण हळहळतो व घरी येऊन दार लावून घेतो.

संत लूक सांगतात की, योहान बाप्तिस्त्याकडे शिपाईही आले व आम्ही काय करावे असे विचारू लागले. त्याने त्यांना नोकरी सोडावयास सांगितले नाही; दांडगाई करू नका, खोटे आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा, एवढेच सांगितले. शस्त्र धारण करणाऱ्यास कोणीतरी विचारणारा हवा, हे ह्यावरून उघड आहे. आणि मत देणे हा केवळ हक्क नसून कर्तव्य आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शिकविले आहे.

तेव्हा त्या माउलीस आमचे उत्तर असे : ज्यास काही कळलेच नाही, त्याचा दोष हलका. पण कळूनही ‘मला काय त्याचे’ म्हणून जो घरी बसला, त्याने शेजाऱ्याच्या लेकराची राखण नाकारली. ती चूक कबुलीच्या वेळी आठवावी. इंग्लंडात राहणाऱ्या राष्ट्रकुलातील नागरिकांस, म्हणजे आपल्या भारतीय मुलांनाही, ह्या निवडणुकीत मत देता येते. पद राहो वा जावो, पहारेकऱ्यावर पहारा ठेवण्याचे काम परमेश्वराने शेवटी आपणां सर्वांवरच सोपविले आहे. मुलास पुढचे पत्र लिहाल तेव्हा, प्रकृतीची चौकशी झाल्यावर, एवढी एक ओळ त्यात जरूर घालावी.