वाळूला तस्करी शोभत नाही

छत्तीस वर्षं मी नेवासा तालुक्यात इंग्रजी शिकवलं. फळ्यावर कितीदा तरी लिहिलं असेल: स्मगल म्हणजे चोरटी आयात-निर्यात करणे. पोरं उतरवून घ्यायची, मी पुढच्या शब्दाला लागायचो. एका वर्षी मागच्या बाकावरच्या, नदीकाठच्या वस्तीवरून येणाऱ्या एका मुलानं हात वर केला. “सर, पेपरात वाळू तस्करी लिहितात. आमची वाळू मग कुठल्या देशात जाते?” वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर मात्र दिलं नाही. आता निवृत्तीत वेळ आहे, म्हणून देतो.

हे क्रियापद इंग्रजीत सतराव्या शतकात आलं, डच आणि उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून.  त्याच्या मागं ‘आत’ किंवा ‘बाहेर’ असं काहीतरी पुष्कळदा येतं, कारण त्याला एक रेषा हवी असते. सरहद्द, बंदर, जकात नाका, तुरुंगाची भिंत, काहीही चालेल. रेषेवर पहारेकरी हवा आणि माल बहुधा आपलाच, रोख पैसे मोजून घेतलेला. बुडतो तो कर किंवा मोडते ती बंदी. आपल्या 1962 च्या कस्टम्स कायद्यातली स्मगलिंगची व्याख्याही सरहद्दीशी बांधलेली आहे. आयात-निर्यातीचे नियम मोडून जप्तीला पात्र ठरणारा माल, तेवढ्यापुरतीच.

आमच्याकडं अशी रेषा खरोखर होती. 1948 पर्यंत प्रवरासंगमला गोदावरीच्या अलीकडं इंग्रजांचा, शेवटी स्वतंत्र भारताचा, नगर जिल्हा आणि पलीकडं कायगावला निजामाचं राज्य. आमची माणसं त्याला मोगलाई म्हणत. इकडं कलदार रुपया, तिकडं हाली. निजामाच्या जकात खात्याचं नाव करोडगिरी. माझ्या आजीचं माहेर पलीकडच्या गंगापूर तालुक्यातलं. माहेरी भावजयीला लुगडं न्यायचं तर ते गाठोड्यात ठेवायचं नाही. कोरं लुगडं आत नेसायचं, त्यावर जुनं विटकं, आणि होडीत बसायचं. उन्हाळ्यात दोन लुगड्यांनी जीव घामाघूम व्हायचा, पण नाक्यावरचा कारकून नेसत्या कपड्याला काय विचारणार? आजीनं या उद्योगाला तस्करी कधी म्हटलं नाही. ती म्हणायची, “नाका चुकवला.” स्मगलला इतकं नेमकं मराठी मला शब्दकोशात सापडलेलं नाही. जकात चुकवायची, नाका चुकवायचा, शिपायाची नजर चुकवायची. त्यात चोरीचा वास नाही, कारण लुगडं तिचंच होतं.

पोलिस ॲक्शननंतर संस्थान गेलं, मग नाकाही गेला. नदी तेवढी राहिली.

या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी चोरटी वाहतूक इंग्रज सरकारनंच केली, हेही सांगून टाकतो. 9 ऑगस्ट 1942 ला पहाटे मुंबईत काँग्रेसचे नेते उचलले, खास गाडीत घातले, गांधीजींना चिंचवडला उतरवून घेतलं आणि नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह बारा जणांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून कोंडलं. कुठं ठेवलंय ते देशाला सांगितलं नाही. माणसं आत आली, पण मौलाना आझादांची पत्रं बाहेर जाऊ शकली नाहीत. मित्राला लिहिलेली ती पत्रं टपालात पडणार नाहीत हे ठाऊक असूनही ते लिहीत राहिले. ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून ती 1946 साली छापून आली. एखाद्या शिपायानं ती कोटाच्या अस्तरात शिवून बाहेर काढली असती, तर त्यालाही इंग्रजीत स्मगल केली असंच म्हटलं असतं, आणि त्या शिपायाला आपण हार घातला असता. या क्रियापदाला असा थोडा शौर्याचा रंग आहे. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

कारण वाळूला तो रंग लागतो. तस्कर हा संस्कृत शब्द, अर्थ साधा चोर. पण सोन्याच्या बिस्किटांच्या आणि हिंदी सिनेमांच्या जमान्यात त्याला पांढरे बूट आणि काळा चष्मा चढला. आता रात्री प्रवरेत, मुळेत, सीनेत, गोदावरीत यंत्रं उतरतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरतात, फाट्यावर मोटारसायकल लावून एक पोरगं मोबाइलवर ‘लोकेशन’ देत बसतं, आणि सकाळी आपण छापतो, ‘वाळू तस्कर पसार’. त्या पोराला ते वाचून बरंच वाटत असणार. ‘वाळूचोर पसार’ छापा, आणि त्याची आई ती बातमी शेजारणीला दाखवते का बघा.

इथं कुठली रेषा ओलांडली? वाळू नेवाशातून निघते आणि शेजारच्या गावातल्या बंगल्याच्या स्लॅबमध्ये जाते. माल नेणाऱ्याचा नाही, सरकारचा म्हणजे आपला. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं, की परवान्याशिवाय नदीतली वाळू नेणं हा खनिज कायद्याखालचा गुन्हा तर आहेच, शिवाय तेव्हाच्या भारतीय दंड विधानाखाली ती चोरीही ठरू शकते. न्यायालय चोरी म्हणतं, पोलिस चोरीचं कलम लावतात, तस्करी आपणच म्हणतो.

तस्करी म्हटलं की नुकसान फक्त सरकारच्या रॉयल्टीचं वाटतं. म्हणून उपायही हिशेबाचेच निघतात. राज्यातला पहिला सरकारी वाळू डेपो 1 मे 2023 ला आमच्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावला सुरू झाला. तेव्हा भाव होता 600 रुपये ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दोन वर्षांत ते धोरणही बदललं. पण वाळू ही नदीची पाणी धरून ठेवणारी गादी आहे. ती गेली की पूर येतो आणि निघून जातो, काठच्या विहिरीला पाझर राहत नाही. त्या विहिरीचं पाणी कुठल्या पावतीवर लिहिणार? पूर्वी उन्हाळ्यात पात्रात हातभर झिरा खणला की तांब्या बुडेल इतकं पाणी लागायचं. आता आमच्या घाटाखाली पाऊल टाकलं की खडक लागतो.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला, जिथं असेल तिथं, एवढंच सांगतो: बाबा, तुमची वाळू कुठल्याच देशात गेली नाही, तुमच्या घरातून चोरीला गेली. आणि वार्ताहर मित्रांनो, पुढच्या बातमीत ‘वाळूचोरी’ लिहा. मथळ्यात एक अक्षरही वाचेल.