निकालापूर्वीचे दिवस

परीक्षेच्या तयारीविषयी आपल्याकडे उदंड लिहिले जाते आणि निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहतात. परंतु शेवटची प्रश्नपत्रिका संपल्यापासून निकाल हाती पडेपर्यंतचे जे दिवस असतात, त्यांची दखल सहसा कोणी घेत नाही. त्या दिवसांत करण्यासारखे काही उरलेले नसते, तेव्हा सांगण्यासारखेही काही नसावे, असा आपला समज आहे. ज्या परीक्षेवर एखाद्या मुलाचा व्यवसाय, घरावरचे कर्ज आणि आयुष्याची सात-आठ वर्षे टांगलेली असतात, तिच्या बाबतीत हा समज महागात पडतो.

गेल्या वर्षी माझ्या परिचयाच्या एका निवृत्त माध्यमिक शिक्षकांकडे मी सहज म्हणून गेलो होतो. त्यांची कन्या किरगिझस्तानातून वैद्यकीय पदवी घेऊन परतली होती आणि भारतात वैद्यकीय व्यवसाय करण्यासाठी आवश्यक असलेली परीक्षा तिने चार दिवसांपूर्वी दिली होती. घरात कोणी आजारी असावे तशी शांतता होती. मुलगी आतल्या खोलीत वहीवर आकडे मांडीत बसलेली. शिक्षक हलक्या आवाजात म्हणाले, "चार दिवस धड जेवलेली नाही. रात्री दोन-अडीचला उठते आणि मोबाइलवर उत्तरे ताडून पाहते. विचारले तर रडते. न विचारावे तर म्हणते, बाबा, तुम्हाला काहीच वाटत नाही का?" तिच्या शिक्षणापायी भविष्यनिर्वाह निधीची पुंजी संपली होती आणि राहत्या घरावर कर्ज होते. त्याविषयी मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत.

अशी घरे आज महाराष्ट्रात थोडी नाहीत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील जागा मोजक्या, खासगी महाविद्यालयांचे शुल्क नोकरदाराच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून रशिया, कझाकस्तान, किरगिझस्तान, जॉर्जिया, फिलिपिन्स आणि २०२२ च्या युद्धापूर्वी युक्रेन येथे आपली मुले जात राहिली. परत आल्यावर त्यांना, काही ठराविक अपवाद सोडल्यास, परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी २००२ पासून घेतली जाणारी चाळणी परीक्षा द्यावी लागते. 'एफएमजीई' या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. राष्ट्रीय वैद्यकीय विज्ञान परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. एकाच दिवशी दोन भागांत मिळून ३०० प्रश्न संगणकावर सोडवायचे असतात. प्रत्येक बरोबर उत्तरास एक गुण. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. ऐकताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक सत्रांत दहा उमेदवारांपैकी सात-आठ जण अनुत्तीर्ण होतात. या परीक्षेवाचून नोंदणी नाही, नोंदणीवाचून आंतरवासिता नाही आणि आंतरवासितेवाचून रुग्णाला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. सहा वर्षांची पदवी भिंतीवर टांगून ठेवावी लागते.

त्या मुलीच्या वहीतील आकडे मी पाहिले. प्रश्न कोणते होते हे तिने मला सांगितले नाही. ते बाहेर न सांगण्याच्या अटीवरच उमेदवार परीक्षेला बसतो. तिने फक्त मोजदाद दाखविली. तिला एकूण ४१ प्रश्न आठवत होते. त्यांपैकी २६ चुकले, असे तिचे मत झाले होते आणि त्यावरून आपण नापास झालो, हा निष्कर्ष तिने काढून ठेवला होता. मी म्हटले, "बाळ, तुझ्या वडिलांनी तीस वर्षे गणित शिकविले. तेच गणित जरा करून पाहू." आठवणारे ४१ वजा केले तर २५९ प्रश्न उरतात. आठवणाऱ्यांतील १५ बरोबर आहेत हे तिलाही मान्य होते. म्हणजे उर्वरित २५९ पैकी १३५ बरोबर आले तर ती उत्तीर्ण होते. ते आले असतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हते, मला नव्हते आणि रात्री अडीच वाजता उत्तरे ताडून पाहणाऱ्या तिच्या मैत्रिणींनाही नव्हते. तिच्या वहीतून यश सिद्ध होत नव्हते. अपयशही सिद्ध होत नव्हते.

माझ्या मते या साऱ्या अस्वस्थतेचे मूळ येथे आहे. परीक्षेनंतर आपली स्मृती परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसते आणि ती परीक्षक म्हणून अत्यंत पक्षपाती असते. जे उत्तर निःशंकपणे दिले, ते मनावर ओरखडा न उमटविता निघून जाते. जेथे हात अडखळला, दोन पर्यायांत जीव घुटमळला, एक खोडून दुसरा निवडला, तेवढेच प्रश्न नंतर पाठलाग करीत राहतात. बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या ब्ल्युमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९२७ मध्ये असे मांडले होते की, पुरी झालेली कामे मन सोडून देते आणि अपुरी राहिलेली धरून ठेवते. पुढच्या सर्वच प्रयोगांनी तिला सारखा दुजोरा दिला नाही, हे खरे. तथापि परीक्षा दिलेल्या कोणालाही त्या निरीक्षणात स्वतःचा अनुभव ओळखू येईल. सारांश, आठवणारे प्रश्न हा प्रश्नपत्रिकेचा प्रातिनिधिक नमुना नसतो. त्यावरून निकाल वर्तविणे म्हणजे केवळ फुटकी भांडी मोजून सारा संसार बुडाला म्हणण्यासारखे आहे.

या पक्षपाती परीक्षकाला बाहेरून मदत करणारे पुष्कळ असतात. परीक्षा संपल्या दिवशीच, आठवणीवर रचलेल्या उत्तरतालिका मोबाइलवर फिरू लागतात. त्यांतील प्रश्न अर्धवट आठवलेले, पर्याय उलटसुलट झालेले आणि उत्तरे देणारे दोन शिकवणीवर्ग एकाच प्रश्नाला दोन भिन्न उत्तरे देणारे! 'यंदा प्रश्नपत्रिका कठीण होती', 'यंदा निकाल फारच कमी लागणार' असली भाकिते त्यांत भर घालतात. आणि या सर्वांवर कळस म्हणजे आपण वडीलधारी माणसे. वाण्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात, जिन्यात गाठ पडताच आपण विचारतो, "काय, पेपर कसा गेला? सुटशील ना?" प्रश्नात आपुलकी असते, यात शंका नाही. पण ज्याचे उत्तर जगात कोणाजवळच नाही, असा तो प्रश्न आहे. 'चांगला गेला' म्हणावे तर उद्या तोंडघशी पडण्याची भीती आणि 'वाईट गेला' म्हणावे तर आजच सुतक.

मग या दिवसांत करावे तरी काय? 'काळजी करू नकोस' हा उपदेश आपण सढळ हाताने करतो, पण त्याचा उपयोग होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी आणि त्यांचे सहकारी यांनी वकिलीच्या परवान्याची परीक्षा दिलेल्या २३० पदवीधरांचा, निकालाच्या चार महिन्यांच्या प्रतीक्षेत, अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. काळजी दाबून टाकण्याचे, मनाची समजूत घालण्याचे नानाविध उपाय त्या तरुणांनी केले. त्यांतून काळजी फारशी कमी झाली नाही. परंतु ज्यांनी हा काळ अस्वस्थतेत काढला, ते वाईट निकाल आल्यावर अधिक सावरलेले आढळले आणि चांगला निकाल आल्यावर त्यांचा आनंदही मोठा होता. याच अभ्यासमालेतील पुढच्या एका निबंधात असे दिसून आले की, स्वतःला विसरायला लावणाऱ्या कामात जे गढून गेले, त्यांना प्रतीक्षा त्यातल्या त्यात सुसह्य झाली.

यावरून मला दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही की, निकालाची काळजी वाटणे हा दुबळेपणा नव्हे. काळजीशी झुंजत बसल्याने तिच्यात झुंजण्याची काळजी मिळविली जाते. दुसरी, हाताला काम हवे आणि ते कितपत झाले हे डोळ्यांना दिसणारे हवे. दूरचित्रवाणीसमोर बसल्याने डोळे गुंततात, मन मोकळेच राहते. त्या शिक्षकांच्या घरी हा तोडगा मुलीच्या आईने काढला. वडिलांच्या जुन्या शाळेतील वाचनालयात शेकडो पुस्तके खिळखिळी होऊन पडली होती. माय-लेकी रोज दुपारी तेथे जाऊन पुस्तकांना पुठ्ठे चढवू लागल्या, नोंदवही नव्याने लिहू लागल्या. आठवड्याभराने मुलगी रात्री झोपू लागली. काळजी गेली नव्हती. तिला दिवसातले काही तास सुट्टी मिळाली होती.

तिसरी गोष्ट दोन्ही वाटांचा विचार निकालाआधी करण्याची. उत्तीर्ण झाल्यास नोंदणीची कागदपत्रे कोणती लागतील आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुढच्या सत्राची तयारी कशी, किती खर्चात, घरी राहून की अन्यत्र, कर्जाचा हप्ता मध्यंतरी कोण भरणार, हे एका संध्याकाळी सर्वांनी बसून कागदावर लिहून काढावे आणि तो कागद कपाटात ठेवून द्यावा. ज्या परीक्षेत बहुसंख्य उमेदवार पहिल्या खेपेस अडतात, तेथे दुसऱ्या वाटेचा विचार करणे अशुभ मानण्याचे कारण नाही. संकटाला आकार आला की त्याची भीती निम्मी होते. मात्र वाईटाची ही तयारी रोज उगाळू नये. निकाल दाराशी येईपर्यंत आशेलाही घरात जागा असावी.

यावर कोणी म्हणेल, हे फाजील लाड आहेत. माणसांचे जीव ज्यांच्या हाती सोपवायचे, त्यांची परीक्षा कडकच असली पाहिजे. ते मला पूर्णपणे मान्य आहे. रुग्णाच्या दृष्टीने ही चाळणी आवश्यक आहे. ती सैल करावी असे या लेखात कोठेही सुचविलेले नाही. पण परीक्षेची कठोरता प्रश्नपत्रिकेत असावी. परीक्षेनंतरच्या छळाने कोणी अधिक चांगला डॉक्टर झाल्याचे ऐकिवात नाही. उलट, उद्या रुग्णाच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत त्याच्या घरच्यांना धीर देण्याचे काम याच मुलांना करायचे आहे. अनिश्चितता सोसायची कशी, हे त्यांनी आपल्या घरी अनुभवलेले बरे.

एक इशारा मात्र स्पष्टपणे दिला पाहिजे. दिवसेंदिवस झोप नाही, अन्न जात नाही, मूल कोणाशी बोलत नाही, आपण सर्वांना भार झालो आहोत असे म्हणते किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा करते, तर ती नेहमीची निकालाची काळजी समजून गप्प बसू नये. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते, मराठीतूनही बोलता येते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्याने डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा मानणे यासारखी विसंगती नाही.

त्या मुलीचा निकाल पुढे काय लागला, असे वाचक विचारतील. तो येथे मी हेतुतः देत नाही. कारण तो कसाही लागला असता तरी ते चार दिवस अन्नावाचून काढण्याने त्यातील एकही गुण वाढला वा घटला नसता. आज ना उद्या आपल्यापैकी कोणाच्या तरी घरात, शेजारात वा वर्गात असेच एखादे मूल निकालाची वाट पाहत बसलेले असेल. त्याला 'पेपर कसा गेला' हे विचारू नये. 'जेवलास का' एवढे विचारावे आणि दोघांनी मिळून जेवायला बसावे.