आयबीएसच्या रुग्णांनो, कपाटातल्या डब्यांचा हिशेब मागा!



एसटीत चढण्याआधी पुढच्या थांब्यावर संडास आहे का, हे ज्यांना विचारून घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी हे पत्रक आहे. पंगतीत पानावर हात आडवा धरून ‘नको, नको’ म्हणावं लागणाऱ्यांसाठी आहे. सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बिणीची तपासणी नॉर्मल आणि पोट मात्र दुखतंच, असं ज्यांचं वर्षानुवर्षं चाललं आहे, त्यांच्यासाठी आहे. मी त्यांच्यातलीच एक. शाळेत शिकवत असताना तास अर्ध्यावर सोडून बाहेर पडण्याची लाज मी १७ वर्षं सोसली. त्यामुळे या दुखण्यावर कुणी दुकान मांडलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही.

आणि दुकान मांडलेलं आहेच. मेडिकलमध्ये शिरलं की पहिली नजर पडते ती प्रोबायोटिकच्या कॅप्सूल, पाचक एन्झाइमच्या बाटल्या, मल्टिव्हिटॅमिनच्या रंगीत गमी यांच्यावर. गेल्या दिवाळीत कपाट आवरताना माझ्या घरात अशी ९ पाकिटं निघाली. एकेक हातात घेतलं आणि स्वतःला विचारलं, हे कोणत्या कमतरतेसाठी आणि किती दिवसांसाठी? एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. काही डॉक्टरांनी दिलेली होती, पण चिठ्ठीवर कारण नव्हतं. उरलेली ‘मला लागू पडलं, तूही घेऊन बघ’ अशा प्रेमाच्या आग्रहातून आली होती.

एक गोष्ट आधी नीट समजून घेऊ या, कारण सगळा व्यापार तिच्या अज्ञानावर चालतो. आयबीएसमुळे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोममुळे, अंगातली जीवनसत्त्वं संपत नाहीत. या दुखण्यात आतड्याचं अस्तर शाबूत असतं आणि अन्नातलं सत्त्व ते शोषून घेतं. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत, त्याच्या संवेदनेत आणि मेंदूशी चाललेल्या त्याच्या निरोपांत. तेव्हा ‘तुम्हाला आयबीएस आहे, म्हणून मल्टिव्हिटॅमिन घ्या’ या वाक्यातला ‘म्हणून’ खोटा आहे. रक्तात खरोखरच कमतरता सापडली, तर तिचं कारण वेगळं असतं आणि ते शोधावंच लागतं.

बी-१२ चंच घ्या. हे जीवनसत्त्व प्राणिज अन्नातून मिळतं, त्यामुळे शाकाहारी घरांत ते कमी पडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आपल्याकडच्या बी-१२ च्या कमतरतेवर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आणि पित्तासाठी वर्षानुवर्षं रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी घटू शकतं. या मंडळींनी रक्त तपासावं, कमी असेल तर बी-१२ घ्यावं आणि नुसतं बी-१२ घ्यावं. २० घटक कोंबलेली महागडी गोळी कशासाठी?

ड जीवनसत्त्वाची गोष्ट याहून गंभीर आहे. ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेणारी किंवा वर्ष उलटलं तरी न थांबवणारी माणसं मी पाहिली आहेत. हे जीवनसत्त्व अंगात साठून राहतं. अती झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग उलट्या होतात, बद्धकोष्ठ होतं, मूत्रपिंडाला इजा होते. त्या बद्धकोष्ठाचा दोषही आपण आयबीएसवर ढकलून मोकळे होतो.

आता मला सगळ्यात जास्त चीड ज्याची येते, त्याकडे येते. आपल्या पोटाला आराम देतो म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांतच आपलं पोट बिघडवणारे पदार्थ असतात. मॅग्नेशियमने जुलाब होतात. बद्धकोष्ठवाल्याला ते उपयोगी पडेल, पण ज्याला घाईची लागते त्याची त्याने दैना होते. क जीवनसत्त्वाचे मोठे डोस पोट ढिलं करतात. लोह आणि कॅल्शियम कार्बोनेट शौच घट्ट करतात. साखरमुक्त गमीत आणि चघळायच्या गोळ्यांत सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल असतं. ते लहान आतड्यात पुरतं शोषलं जात नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं आणि वायू धरतो. प्रोबायोटिकच्या कितीतरी पाकिटांत जिवाणूंचं खाद्य म्हणून इन्युलिन किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड घातलेलं असतं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने आयबीएससाठी जो लो-फॉडमॅप आहार तयार केला, त्यात काही आठवडे कांदा, लसूण आणि गहू टाळायला सांगतात, ते याच जातीच्या कर्बोदकांमुळे. म्हणजे फोडणीतला लसूण आपण डोळ्यांत पाणी आणून सोडायचा आणि तोच त्रास कॅप्सूलमधून विकत घ्यायचा! मी स्वतः ६ महिने गॅसच्या गोळ्या वाढवत गेले आणि त्याच काळात रोज सकाळी सॉर्बिटॉलची गमी चघळत होते. ते नाव डबीच्या पाठीवर इतकं बारीक छापलेलं होतं की भिंग घेऊन वाचावं लागलं.

पाचक एन्झाइमच्या बाटलीबद्दल थोडक्यात सांगते. त्यातलं फंगल डायस्टेज हे बुरशीपासून काढलेलं पिष्ट पचवणारं एन्झाइम आहे. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. आयबीएसमध्ये स्वादुपिंड आपले पाचक रस नीट बनवत असतं, त्यामुळे ही भर घालून काही साधत नाही. स्वादुपिंडच निकामी झालेल्या रुग्णाला एन्झाइम द्यावंच लागतं, पण ते औषध वेगळं आणि त्याचा डोसही वेगळा. दूधच सोसत नसेल तर लॅक्टेजची गोळी कामाची आहे.

प्रोबायोटिकवर तज्ज्ञांचंच एकमत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने २०२१ मध्ये आयबीएससाठी ते वापरू नये असं सुचवलं. त्याच वर्षी ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीने सांगितलं की हवं तर १२ आठवडे घेऊन बघा आणि फरक पडला नाही तर बंद करा. दोघांनाही मान्य असेल असा अर्थ एवढाच की कोणतंही प्रोबायोटिक जन्मभर चालू ठेवायची वस्तू नाही. आपल्याकडे मात्र पाकीट संपलं की पुढचं येतं.

‘पण मला बरं वाटलं’ असं तुम्ही म्हणाल. वाटलं असेल, ते मी खोटं म्हणत नाही. २०१० मध्ये हार्वर्डच्या टेड कॅपचक यांनी आयबीएसच्या ८० रुग्णांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या आणि यात औषध नाही हेही स्पष्ट सांगितलं. ३ आठवड्यांनी त्यांतल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला. गोळीच न मिळालेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. आपलं दुखणं मुळात चढउतारांचं आहे आणि आशेला, काळजीला ते लगेच प्रतिसाद देतं. म्हणूनच शेजारणीला आलेला गुण हा त्या डबीचा पुरावा ठरत नाही. काही घ्यायचंच असेल तर एका वेळी एकच वस्तू सुरू करा. वहीत तारीख घाला, पोट किती दुखलं आणि शौच कसं झालं ते रोज एका ओळीत लिहा, आणि ठरलेल्या दिवशी बंद करून पुन्हा बघा. तीन वस्तू एकदम सुरू केल्या तर बिघाडही कळत नाही आणि गुणही कळत नाही.

ज्याचा पुरावा खरोखर आहे, ती वस्तू आपल्या दारातली आहे. उत्तर गुजरातेतल्या उंझाच्या बाजारातून जगभर जाणारा इसबगोल. नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांना तीन गटांत वाटून रोज १० ग्रॅम इसबगोल, गव्हाचा कोंडा किंवा तांदळाचं पीठ असं १२ आठवडे दिलं. २००९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इसबगोलाने फायदा झाला. कोंडा घेणाऱ्यांतले बरेच जण त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून गेले. म्हणून ‘फायबर खा’ हा सल्ला अर्धवट आहे. कोणतं फायबर, ते विचारा. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा, भरपूर पाणी प्या, हळूहळू वाढवा आणि बाकीच्या औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. त्यातही सोनामुखी मिसळलेलं रेचक चूर्ण घरी आणू नका. तो इसबगोल नव्हे.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तेवढ्याने भागत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी पूरकांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचा इशारा ठळक छापायला लावला. ही पूरकं अन्न म्हणून विकली जातात. औषधासारखी रुग्णांवर चाचणी करून ती बाजारात येत नाहीत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आमचं मागणं आहे की तो इशारा मराठीतही आणि डबीच्या दर्शनी बाजूला छापावा. सॉर्बिटॉल आणि इन्युलिन असेल तर तेही तिथेच, किमतीइतक्या मोठ्या अक्षरात लिहावं. अन्न व औषध प्रशासनाने दुकानांतल्या जाहिरातींच्या फलकांची तपासणी करावी. आणि डॉक्टरसाहेबांना हात जोडून विनंती, चिठ्ठीवर पूरक लिहाल तेव्हा त्याच्यापुढे कारण आणि थांबवायची तारीखही लिहा.

शेवटचं, आणि सगळ्यात तातडीचं. शौचातून रक्त, आपोआप घटणारं वजन, अंगात रक्त कमी, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला: यांपैकी एकही गोष्ट असेल तर ती आयबीएसच्या खात्यात टाकू नका. आतड्याचा क्षय, सीलिअ‍ॅक (गव्हाने आतड्याला इजा होणारा आजार), कर्करोग सगळेच सुरुवातीला असे साध्या पोटदुखीचं सोंग घेऊन येऊ शकतात. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू सोडण्याआधी करा. सोडल्यावर ती खोटा दिलासा देते. आणि हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून स्वतःच्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. लोहाने आकडा वर येतो, शौच काळं होतं आणि आतून रक्त झिरपत असेल तर ते त्या काळ्या रंगाखाली लपून जातं. तुमच्या ओळखीत कुणी असं करत असेल, तर हे पत्रक आजच त्यांच्या हातात द्या.

तुमच्यासारखीच एक रुग्ण