पैसे घरातच राहतात म्हणे!

बऱ्याच दिवसांनी लिहितेय आणि चिडून लिहितेय. ज्यांच्यावर चिडलेय ते माझे भाचे हे पान वाचतात, हे मला ठाऊक आहे. वाचा बाबांनो, नीट वाचा.

तर झालं असं. यंदाचा दिवाळसण माझ्या धाकट्या भावाकडे होता. भाचीचं लग्न मे महिन्यात झालं, त्यामुळे जावईबापूंची ही पहिली दिवाळी. पाडव्याला सकाळी ओवाळणी झाली, सासऱ्यांनी जावयांच्या हातात ५००१ रुपयांचं पाकीट ठेवलं. रात्री जेवणं आटोपली आणि भाच्यांनी जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून पोकरच्या चिप्सची पेटी उघडली. सहा जण बसलो. हो, बसलो. मीही त्यात होते, उगाच साळसूदपणा नको. बदाम सात, मेंढीकोट, रमी यात जन्म गेलाय माझा, आणि पोकर मला या भाच्यांनीच शिकवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रत्येकाला दोन पत्ते बंद मिळतात, मग मध्ये पाच पत्ते उघडे पडतात, आधी तीन, मग एक, मग एक. या सातांतून ज्याचे पाच सर्वांत भारी, तो डाव जिंकला. दर टप्प्याला पैसे लावायचे किंवा पत्ते टाकून गप्प बसायचं, तीन पत्तीत ज्याला आपण पॅक म्हणतो तसं. आमच्याकडे सुरुवातीची सक्तीची बोली १० आणि २० रुपये, आणि बसताना प्रत्येकाने २००० च्या चिप्स घ्यायच्या. संपल्या तर? पुन्हा २००० च्या घ्यायच्या. कितीही वेळा! सगळं दुखणं या 'कितीही वेळा'त आहे.

जावईबापूंनी हा खेळ पूर्वी मोबाइलवर खोट्या पैशांनी खेळला होता, एवढीच त्यांची तयारी. पहिले २००० तासाभरात गेले. "चालायचंच, घ्या अजून," मेहुणे म्हणाले. दुसरेही गेले. तेव्हा त्यांनी एकदा आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मी समोरच बसले होते, मला दिसलं ते. पण सासुरवाडीत, पहिल्या सणाला, मेहुण्यांच्या देखत नवा जावई "मला परवडत नाही" असं म्हणेल का हो? घेतले त्यांनी तिसऱ्यांदा. शेवटच्या डावात त्यांच्या हातात एक्का-राजा होता, मध्ये एक्का उघडला, आणि त्यांनी होतं नव्हतं ते सगळं पुढे सारलं. थोरल्या भाच्याच्या हातात चव्व्यांची जोडी होती आणि मध्ये तिसरी चव्वी आधीच पडलेली. पाकिटातले सगळे गेले, वर पदरचे ९९९.

हिशेब मी मांडला, मास्तरीण ना मी. थोरला भाचा ४२६० पुढे, मधला २१०० पुढे, मी ३४० पुढे. भावाचा मित्र ७०० मागे, धाकटा भाचा बरोबरीत, आणि जावई ६००० मागे. फोनवरून पैसे पाठवून मोकळे. नोट हातातून सुटताना दिसते तरी, इथे तेही नाही.

मी थोरल्याला बाजूला घेऊन म्हटलं, हे बरं दिसलं नाही. तर म्हणतो कसा, "आत्या, पैसे घरातच राहतात ना!"

कुठल्या घरात रे? तुझं घर वेगळं, त्यांचं वेगळं. त्यांच्या घरातून निघाले, तुझ्या घरात आले, याला 'घरातच' म्हणतात? असा हिशेब लावायचा तर हस्तिनापुरातला डावही घरगुतीच होता की. चुलत भावांचाच, मोठ्यांच्या देखत, आणि बोलावणं आलं म्हणून नाही म्हणता न येणाऱ्या पाहुण्याबरोबर. धृतराष्ट्राने हरलेलं सगळं परत दिलं, तरी पोरांनी पुन्हा खेळायला बोलावलंच. तो दुसरा डाव म्हणजे तुमचं 'घ्या अजून'.

मधला भाचा जरा वाचणारा आहे. तो म्हणाला, पाडव्याला द्यूतप्रतिपदाच म्हणतात, आणि घरमालक डावामागे काही कापून घेत नाही, तेव्हा १८८७ च्या जुगारबंदी कायद्यातला अड्डा काही हा होत नाही. मान्य. पोलिसांना बोलवा असं मी कुठे म्हणतेय? पण पुढे तो म्हणाला, "शिवाय हा नशिबाचा खेळ नाही आत्या, कौशल्याचा आहे." इथे मात्र तू फसलास राजा! दोन बंद पत्त्यांत जोडी येण्याची शक्यता साधारण सतरात एकदा, हे तुला पाठ आहे. वाईट पत्ते टाकून तासभर गप्प बसायचं, हे तुला जमतं. महिन्यातून दोन शनिवार तुम्ही खेळता. मग दहावीच्या पोरांनी सहावीच्या पोराला कुस्तीला बोलवायचं आणि वर त्याचा डबा खायचा, यात कसलं आलंय कौशल्य? नशिबाचा खेळ असता तर तुमचा अपराध कमी झाला असता.

आता काही जण म्हणतील, मग चिंचोक्यांनी खेळा. नाही चालत. चिंचोके लावून पोकर खेळून पाहिलंय मी. दर डावाला सगळे सगळं पुढे सारतात, कारण हरलं तरी काही जात नाही. थोडं टोचावं लागतं, त्याशिवाय थाप मारण्यात आणि ती ओळखण्यात मजा नाही. पण ते टोचणं कोणाच्या खिशाने मोजायचं? आपल्याकडे रक्कम ठरवतो सगळ्यात चांगल्या पगाराचा, आणि बाकीचे हसून मान डोलावतात. ती ठरवावी टेबलावरच्या सगळ्यात हलक्या खिशाने, आणि त्याला चारचौघांत न विचारता. एकदा संपले की फार तर आणखी एकदा घ्यावेत. मग उठून दूध गरम करावं सगळ्यांसाठी.

हे मी भाऊबीजेला सगळ्यांसमोर बोलले. भाऊ म्हणाला, "ताई, सणाचं कशाला?" वहिनीने ताटं उचलली. भाची माझ्याकडे बघत होती, काही बोलली नाही.

निघताना मी जावयांना ते ३४० द्यायला गेले. त्यांनी हात जोडले. "आत्या, खेळात हरलोय, परत कसे घेऊ?" खरं आहे त्यांचं. मलाच आधी सुचायला हवं होतं, दुसऱ्या २००० च्या वेळी, जेव्हा माझ्यापुढे त्यांच्याच चिप्सची चवड होती आणि मी ती रंगांप्रमाणे लावत बसले होते.

असो. संक्रांतीला भाचीचे आणि जावयांचे हलव्याचे दागिने माझ्याकडून असतात. जावयांच्या हारात आणि नारळात या वेळी ३४० रुपये जास्तीचे घालणार आहे. भाच्यांनी आपापलं बघावं.