दुखरे मनगट आणि सोयीचा क्रूस

ख्रिस्ती माणसाला वेदनेविषयी बोलण्याची फार सवय असते, आणि सवयीची गोष्ट माणूस बहुधा विचार न करताच बोलतो. आपल्या धर्मग्रामांच्या गायनवृंदांत गिटार वाजविणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत नेमके हेच घडत आले आहे. कुणाचे मनगट सुजते, कुणाची बोटे रात्री झोपेत बधिर होतात, कुणाला कोपरापासून करंगळीपर्यंत मुंग्या येतात. तो मुलगा भीत भीत ही गोष्ट कॉयरमास्तरांच्या कानावर घालतो आणि त्याला ठरलेले उत्तर मिळते : प्रभूसाठी एवढे सोसायचे, हे तुझे अर्पण समजायचे. हे उत्तर कानाला धार्मिक वाटते. माझ्या मते ते केवळ सोयीचे आहे, आणि त्या सोयीविरुद्ध मी हे लिहीत आहे.

प्रथम शरीरात काय होते ते पाहू. कारण अर्पणाची भाषा आपण अनेकदा अज्ञानावर पांघरूण घालण्यासाठी वापरतो. बोटांना बळ देणारे मुख्य स्नायू बोटांत नसतात. ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात आणि लांब दोऱ्यांसारख्या कंडरांनी बोटे ओढतात. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा आहे : खाली हाडांची कमान, वर एक चिवट पट्टा. त्यातून 9 कंडरा जातात आणि त्यांच्याच गर्दीत एक मज्जातंतू जातो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना या तंतूवर अवलंबून असते. मनगट सरळ असले तर सर्वांचे कसेबसे भागते. ते वाकवून बोटांनी जोर दिला की बोगद्यातील दाब वाढतो आणि तंतू चेपला जातो. डॉक्टर ज्याला कार्पल टनेलचा विकार म्हणतात तो हाच. अंगठ्याच्या मुळाशी कळ येते ती वेगळी. तिचे वर्णन स्विस शल्यविशारद द कर्व्हां यांनी 1895 साली केले होते. करंगळीच्या मुंग्यांचे मूळ तर अनेकदा कोपरात असते.

आता एफ मेजरची बार कॉर्ड आठवा. तर्जनी आडवी टाकून सहाही तारा दाबायच्या, अंगठ्याने मागून रेटायचे, आणि वाद्याचा पट्टा आजच्या फॅशनप्रमाणे कमरेच्या खाली सोडलेला असला तर मनगट जवळजवळ काटकोनात वळवायचे. त्यात धर्मग्रामाच्या मालकीची गिटार म्हणजे काय प्रकरण असते हे ज्यांनी ती हातात घेतली आहे त्यांना ठाऊक आहे. ती वर्षभर वेदीमागच्या खोलीत कपाटाला टेकून उभी असते. वसईच्या पावसाळ्यात लाकूड ओल पिते, वरची फळी फुगते; पोलादी तारांच्या ताणाने मान हळूहळू वाकते; तारा पट्टीपासून उंच जातात आणि तोच स्वर काढायला दुप्पट जोर लागतो. कारागिराने तासभर काम केले तर ही उंची खाली येते. आम्ही मात्र त्या मुलाच्या चिकाटीचे कौतुक करतो.

आणि हा मुलगा केवळ गिटार वाजवीत नाही. तो विरार लोकलच्या दांडीला लोंबकळत मुंबईस जातो, तेथे दिवसभर संगणकाच्या कळा दाबतो. किंवा वाडीत पाणी लावतो, केळीचे घड उचलतो. संध्याकाळी तेच मनगट घेऊन तो तालमीला येतो. नाताळच्या आधीचे दिवस तर विचारूच नका : नोव्हेनाच्या मिस्सा, कॅरोल, मध्यरात्रीची मिस्सा, दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आणि पाठोपाठ लग्नसराई. माझ्या माहितीतील एका गायनवृंदात या सगळ्यासाठी एकच वादक होता. तिसऱ्या नाताळानंतर त्याला शर्टाचे बटण लावता येईना.

यावर गिटारच्या शिकवण्या घेणारे एक युक्तिवाद करतात, की बोटांना घट्टे पडल्यावाचून वाद्य वश होत नाही. हे खरे आहे. पण येथे दोन वेगळ्या वेदनांची गल्लत होते. बोटांच्या टोकाची कातडी काही आठवडे हुळहुळते, मग जाड होते आणि त्रास थांबतो. ती शिकण्याची वेदना आहे. बधिरता, रात्री झोपमोड करणाऱ्या मुंग्या, वाद्य खाली ठेवल्यावरही न थांबणारी कळ आणि हातातून पेला निसटणे यांचा घट्ट्यांशी काहीही संबंध नाही. तो शरीराचा थांबण्याचा इशारा आहे. पहिली सोसावी आणि दुसरी ऐकावी, एवढा विवेक शिक्षकाजवळ नसेल तर त्याने शिकवणीचे पैसे कशासाठी घ्यावेत?

मग थोर वादकांचे दाखले पुढे केले जातात. जँगो राइनहार्टच्या गाडीला 1928 साली आग लागली, डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली, तरी तो जगप्रसिद्ध झाला! टोनी आयोमी या इंग्रज तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके 1965 साली कारखान्यातील यंत्राने तुटली, तरी त्याने गिटार सोडली नाही! आणि तुला एवढेसे मनगट दुखते? हे दाखले देणाऱ्यांनी ते अर्धेच वाचले आहेत. जँगोने भाजलेली बोटे तारांवर रेटली नाहीत. उरलेल्या दोन बोटांना झेपेल असे वादनाचे नवे तंत्र त्याने घडविले. आयोमीने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या, पुढे तारांचा ताणही उतरविला. दोघांनीही वाद्य आपल्या हाताच्या मापाचे करून घेतले. नेमके हेच करायला आम्ही आमच्या मुलांना परवानगी देत नाही.

याच्या उलट लिऑन फ्लायशर या अमेरिकन पियानोवादकाची कथा मात्र आपल्याकडे कुणी सांगत नाही. 1964 च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळू लागली. त्याने अधिक सराव केला. बोटे अधिकच वळली. पुन्हा दोन्ही हातांनी जाहीरपणे वाजविण्यास त्याला सुमारे तीस वर्षे वाट पाहावी लागली. जिद्दीने सगळे बरे होते असे ज्यांना वाटते त्यांनी या तीस वर्षांचा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता धर्मशास्त्राकडे वळतो. संत पौलाने कलसैकरांस लिहिलेल्या पत्रात आपल्या दुःखांना ख्रिस्ताच्या दुःखाशी जोडले आहे आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 साली दुःखाच्या तारक अर्थावर एक प्रेषितीय पत्र लिहिले, हे मला मान्य आहे. अर्पणवादी मंडळी त्या पत्राचा पहिला भाग मोठ्या आवाजात सांगतात. शेवटचा भाग चांगल्या शोमरोन्याविषयी आहे, तो त्यांच्या वाचनातून का निसटतो? जखमी माणसाजवळून पुढे निघून न जाणे हाही त्या पत्राच्या शिकवणीचाच भाग आहे. जे टाळता येत नाही ते दुःख मनुष्य स्वतः, स्वेच्छेने, प्रभूला अर्पू शकतो. दुसऱ्याने आपल्या हलगर्जीपणातून त्याच्यावर लादलेले आणि मग त्याच्याच नावावर अर्पण म्हणून जमा केलेले दुःख ही निराळी वस्तू आहे. गेथशेमनी बागेत प्रभूने प्याला दूर व्हावा अशी विनवणी प्रथम केली होती, हेही विसरता कामा नये.

शुभवर्तमानात हाताचीच एक कथा आहे. शब्बाथ दिवस, सभास्थान, आणि हात वाळलेला एक मनुष्य. तो हात उजवा होता, एवढा तपशील लूक आवर्जून देतो. प्रभूने त्या मनुष्याला मध्ये उभे केले आणि जमलेल्यांना प्रश्न विचारला. ते गप्प राहिले. मार्क सांगतो, की त्या गप्प राहण्याचा प्रभूला संताप आला आणि खेदही झाला. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता आले असते. तो हात काही त्या दिवशी वाळला नव्हता. उपासनेच्या जागी, उपासनेच्याच दिवशी, नियमांच्या रखवालदारांसमोर तो हात बरा करण्यात आला. हे वचन वाचून दाखविणाऱ्या आम्हा धर्मगुरूंच्या पाठीशी पाच पावलांवर एखादा मुलगा सुजलेल्या मनगटावर क्रेप बँडेज गुंडाळून स्तोत्राचा पहिला सूर लावण्यासाठी सज्ज बसलेला असतो! 1993 पासून 11 फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. त्या दिवशीच्या मिस्सेलाही बहुधा तोच वाजवितो.

काम करणाऱ्या हातांची काळजी हा काही पाखंडी विचार नव्हे. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर लॅटिन ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा विचारा असे वैद्यांना बजावले. 1713 च्या पुरवणीत त्याने लेखनिकांच्या हाताविषयी लिहिले आहे. सतत एकाच प्रकारे हात चालविल्याने एकाचा उजवा हात गेला. तो डाव्याने लिहायला शिकला, तर तोही त्याच वाटेने गेला. 1981 च्या श्रमविषयक विश्वपत्रकात आरोग्यास अपाय न करणारी कामाची जागा आणि विश्रांती हे श्रमिकाचे हक्क म्हणून सांगितले आहेत. त्या विश्वपत्रकावर आपण परिसंवाद भरवितो. परंतु गायनवृंदातील मुलगा पगार घेत नाही, म्हणून तो श्रमिक ठरत नाही. सेवा करतो, म्हणून त्याला हक्क नाहीत. कारखानदाराने असा तर्क लढविला असता तर आपण त्याच्यावर मोर्चा नेला असता.

देवळात गिटार हवीच कशाला, असे विचारणारे ज्येष्ठही आहेत. विश्वपरिषदेने 1963 साली पाइप ऑर्गनला मानाचे स्थान देऊन इतर वाद्यांनाही दार उघडले, तेव्हा तो वाद खरे तर संपला. तरीही कुणाला शंका असेल तर 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या देवळात ‘सायलेंट नाइट’ हे गीत प्रथम गायिले गेले, तेव्हा साथीला गिटार होती आणि गीत रचणारा योसेफ मोर हा धर्मगुरू होता, हे त्यांनी लक्षात घ्यावे. गिटार सोडून दे, एवढेच सांगून मोकळे होणारे डॉक्टरही मला पटत नाहीत. वेळीच पाहिले तर रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, काही आठवड्यांची विश्रांती आणि बसण्याची बदललेली पद्धत यांनी अनेकांचे हात सुधारतात.

धर्मग्राम परिषदांकडून माझी अपेक्षा राजेशाही नाही. देवळाची गिटार कारागिराकडे न्यावी, तारा खाली बसवून घ्याव्यात. शक्य तर नायलॉनच्या तारांची दुसरी गिटार घ्यावी. कॅपो लावून बार कॉर्ड टाळणे म्हणजे कमीपणा, हा खुळा समज कॉयरमास्तरांनी सोडावा. हातांची नसलेली खुर्ची आणि डाव्या पायाखाली लहान चौरंग ठेवला की वाद्याची मान वर येते आणि मनगट सरळ राहते. तालमीत अर्ध्या तासाने वाद्य खाली ठेवायला सांगावे. एका रविवारी एका वादकाने एकच मिस्सा वाजवावी. दुसरा वादक नसेल तर त्या मिस्सेत नुसते गावे, आपल्या आजीआजोबांनी वाद्यावाचून गायिलेली गीते अजून कुणी विसरलेले नाही. आणि मुलाने हात दुखतो म्हटले तर त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवून बिल धर्मग्रामाने द्यावे. गोठ्याच्या रोषणाईसाठी दरवर्षी वर्गणी गोळा होते. या वर्षीची यादी आगमनकाळापूर्वी परिषदेपुढे येईल, तेव्हा हा खर्च तिच्यात पहिल्या ओळीत असावा.